भयकथेचा कच्चा माल

1874 सालच्या एप्रिलमध्ये ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ या अमेरिकन दैनिकानं वाचकांपुढे एक झाड उभं केलं. मादागास्करच्या जंगलात म्कोडो नावाची जमात राहते, ती या झाडाची पूजा करते आणि त्याला बाईचा बळी देते, अशी हकिकत कार्ल लीखे नावाच्या जर्मन प्रवाशाच्या पत्राच्या हवाल्यानं छापून आली होती. खोड अननसाच्या आकाराचं, उंची आठ फूट. शेंड्यावरून जमिनीपर्यंत लोंबणारी आठ पानं, प्रत्येक अकरा-बारा फूट लांब आणि आतून काटेरी. माथ्यावर गोडसर, नशा आणणारा रस साठलेला आणि त्याभोवती हवेत सतत वळवळणारे पांढरे धुमारे. बळी दिलेल्या बाईनं तो रस प्यायला की धुमारे तिला वेढत, आणि मग ती थोरली पानं सावकाश उठून मिटत.

बातमीत झाडाचं शास्त्रीय नावही होतं: ‘क्रिनॉइडा दाजीआना’. पहिला शब्द क्रिनॉइड या समुद्री प्राण्याच्या जीवाश्मावरून घेतलेला. दुसरा शब्द मुंबईच्या एका डॉक्टरांच्या सन्मानार्थ, आणि ते डॉक्टर म्हणजे भाऊ दाजी. ज्यांचं नाव आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आहे, तेच भाऊ दाजी लाड. जन्म पेडण्याजवळच्या मांद्र्याचा, शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत, काम कुष्ठरोगावरच्या औषधांपासून प्राचीन शिलालेखांच्या वाचनापर्यंत पसरलेलं. बातमी छापून आली त्याच वर्षी 31 मे रोजी ते वारले. आपल्या नावाचं माणूसखाऊ झाड अमेरिकेत गाजतंय, हे त्यांच्या कानावर गेलं असेल असं वाटत नाही.

झाड खोटं होतं, जमात खोटी होती, लीखेही खोटा होता. हा सगळा बनाव एडमंड स्पेन्सर नावाच्या पत्रकाराचा, असं 1888 मध्ये ‘करंट लिटरेचर’ या मासिकानं उघड केलं. पण खुलासा कोण वाचतो! तोवर हकिकत देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छापून झाली होती. 1887 मध्ये जे. डब्ल्यू. ब्यूएल यांच्या ‘सी अँड लँड’ या पुस्तकात ‘या-ते-व्हेओ’ नावाचं दुसरं माणूसखाऊ झाड आलं, तेही चित्रासकट. 1924 मध्ये तर मिशिगनचे माजी गव्हर्नर चेस ऑस्बॉर्न यांनी मादागास्करवरच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच हे झाड घातलं. झाड त्यांना दिसलं नव्हतं. नाव मात्र खपणारं होतं. 1955 मध्ये विली ले या विज्ञानलेखकानं सगळा माग काढला आणि झाड, जमात, प्रवासी यांतलं काहीच कधी अस्तित्वात नव्हतं हे पुन्हा एकदा दाखवून दिलं.

स्पेन्सरचं कसब धुमाऱ्यांत नाही. वळवळणारे धुमारे कुणालाही सुचतील. त्याचं कसब मोजमापात आहे, लॅटिन नावात आहे, आणि मुंबईतल्या एका खऱ्याखुऱ्या विद्वानाला कारणाशिवाय दिलेल्या त्या मानात आहे. सगळा तपशील कारकुनी चोखपणाचा, आणि त्यात एकच गोष्ट अशक्य. भयकथेत टिकून राहिलेल्या बहुतेक वस्तू आणि जीव याच रीतीनं घडले आहेत. लेखकानं ते शून्यातून काढलेले नाहीत. प्रयोगशाळा, लिलावघर, बंदर, कब्रस्तान, वर्तमानपत्राचं कात्रण अशा ठिकाणांहून उचलून त्यातला एक खिळा सैल केला आहे.

1874 साल या बनावाला अगदी सोयीचं होतं. चार्ल्स डार्विन 1860 च्या उन्हाळ्यापासून ‘ड्रॉसेरा’ या चिकट केसांच्या इवल्याशा वनस्पतीमागे लागला होता. पानांवर तो कच्च्या मांसाचे तुकडे, अंड्याचा पांढरा भाग, काचेचे कण असं काहीबाही ठेवायचा आणि कुठला घास पान पचवतं, कुठला टाकून देतं, हे तासन्‌तास बघायचा. ‘इन्सेक्टिव्होरस प्लांट्स’ हे त्याचं पुस्तक 1875 मध्ये आलं, पण चर्चा आधीच सुरू झाली होती. त्याच्या शतकभर आधी वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसपुढे व्हीनस फ्लायट्रॅप आलं, तेव्हा झाड प्राण्याला खातं ही कल्पना त्या थोर माणसाच्या पचनी पडली नव्हती. पान नुसतं स्पर्शानं मिटतं आणि किडा पुढे सुटतो, अशी त्यानं समजूत करून घेतली. डार्विननं ती समजूत मोडली. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांची ठरलेली जागा विज्ञानानंच बदलली होती. स्पेन्सरनं फक्त आकार वाढवला.

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात जांभळ्या-निळ्या फुलांचे गालिचे पसरतात, त्यांतली ‘सीतेची आसवं’ ही याच गोतावळ्यातली. फुलाचे फोटो काढणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं, की तिच्या बुडाशी ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी बाहेर काढून आत पोकळी केलेली असते. दारावरच्या केसाला सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते, तो पाण्यासकट आत ओढला जातो आणि झडप मिटते. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी हे सगळं उरकलेलं असतं.

वनस्पतीचं भय पुढे एच. जी. वेल्सनं जास्त शहाणपणानं वापरलं. टी. एच. हक्सलीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेल्या वेल्सची ‘द फ्लॉवरिंग ऑफ द स्ट्रेंज ऑर्किड’ ही कथा 1894 ची. तिच्यात जंगल नाही, जमात नाही. लंडनच्या उपनगरात राहणारा, आयुष्यात काहीच घडत नाही म्हणून कुरकुरणारा एक एकटा गृहस्थ लिलावात ऑर्किडचा एक वाळका गड्डा घेतो. तो गड्डा अंदमानातून आलेला. गोळा करणारा माणूस तिथल्या खारफुटीच्या चिखलात मेलेला सापडला, अंगात रक्ताचा थेंब नाही. जळवांनी शोषलं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. त्या काळात ऑर्किडच्या वेडापायी लंडनचे श्रीमंत लोक भरमसाट पैसा ओतत, सेंट ऑल्बन्सच्या फ्रेडरिक सँडरसारखे व्यापारी जगभर आपली माणसं पाठवत, आणि त्यांतली काही तापानं, काही नदीत बुडून मरत. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला यातलं नवल काहीच नव्हतं. वेल्सनं इतकंच केलं, की मेलेल्या संग्राहकाचा हिशेब घेऊन त्या रोपालाच काचगृहात आणून ठेवलं. धुमारे इथेही आहेत, पण घरातली चुलतबहीण काचा फोडून, मुळं तोडून गृहस्थाला ओढून बाहेर काढते आणि दुसऱ्या दिवशी तो भलताच खुशीत असतो. त्याच्या आयुष्यात अखेर काहीतरी घडलेलं असतं.

जॉन विंडमच्या ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ (1951) मध्ये चालणारी विषारी झाडं आहेत. ती माणसांनीच वाढवलेली आहेत, कारण त्यांच्यापासून उत्तम तेल निघतं. कादंबरीतलं खरं भय हे तेलाचं अर्थकारण आहे; झाडं चालतात हा भाग त्या मानानं किरकोळ. बंगालीत सत्यजित राय यांनी ‘सेप्टोपासेर खिदे’ या कथेत मांसाहारी झाडाची भूक आणली. म्हणजे मादागास्करच्या त्या थापेचा वंश वर्तमानपत्रातून निघून कोलकात्याच्या मुलांच्या मासिकापर्यंत पोचला.

हे सामान लेखक कसं गोळा करतात, याचा माग त्यांच्या वह्यांतून काढता येतो. काही वह्या सुदैवानं राहिल्या आहेत.

नॅथॅनियल हॉथॉर्न आपल्या वह्यांत कथाबीजं आणि वाचलेले उतारे टिपून ठेवत असे. त्यात सतराव्या शतकातल्या टॉमस ब्राउनकडून घेतलेली एक नोंद आहे: एका हिंदुस्थानी राजानं सिकंदराकडे एक सुंदर स्त्री पाठवली, लहानपणापासून विषावर वाढवलेली. ही आपली विषकन्या. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चंद्रगुप्तासाठी पाठवलेली विषकन्या चाणक्याच्या चलाखीनं पर्वतकाच्या वाट्याला जाते, तीच ही. अरबी आणि लॅटिन ग्रंथांतून फिरत फिरत ती मॅसॅच्युसेट्सला पोचली. 1844 मध्ये हॉथॉर्ननं ‘रॅपाचिनीज डॉटर’ लिहिली. तिथे राजाच्या जागी पादुआ शहरातला एक वैद्यकशास्त्रज्ञ बाप आला, आणि मुलीच्या शेजारी बागेत तिच्याइतकंच विषारी, जांभळ्या फुलांचं झुडूप. बाप मुलीचा बळी शत्रूसाठी देत नाही, प्रयोगासाठी देतो. ज्या शतकात विज्ञानाचा दबदबा वाढत होता, त्या शतकाला साजेसा बदल.

ब्रॅम स्टोकरच्या टिपणांची कहाणी आणखी रंजक आहे. ‘ड्रॅक्युला’ 1897 मध्ये प्रसिद्ध झाली, पण तिचं पहिलं तारीख घातलेलं टिपण 8 मार्च 1890 चं आहे. मधली सात वर्षं तो लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा कारभार सांभाळत होता आणि मिळेल त्या कागदावर सामान जमवत होता. 1912 मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या पत्नीनं ही टिपणं सदबीजच्या लिलावात काढली, तेव्हा त्यांना दोन पौंड दोन शिलिंग आले. आज ती फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत.

त्यांत काय नाही? 1890 च्या उन्हाळ्यात स्टोकर व्हिट्बी या किनाऱ्यावरच्या गावी सुटीला गेला. तिथे त्यानं थडग्यांवरची नावं उतरवून घेतली. कादंबरीतल्या स्वेल्स या म्हाताऱ्या खलाशाचं नाव तिथलंच. गावच्या वाचनालयात विल्यम विल्किन्सनचं वालाकिया-मोल्डाव्हियावरचं पुस्तक होतं, त्यात त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडलं. तोवर त्याच्या खलनायकाचं नाव ‘काउंट वाम्पिर’ असं होतं, म्हणजे जवळजवळ ‘सरदार भूत’. 1885 मध्ये ‘दमित्री’ नावाचं रशियन जहाज नार्वा बंदरातून येताना व्हिट्बीला वाळूत रुतलं होतं. स्टोकरनं ती हकिकत घेतली, जहाजाचं नाव ‘डिमीटर’ केलं आणि नार्वाची अक्षरं उलटसुलट करून ‘व्हार्ना’ हे खरंखुरं बंदर साधलं. टिपणांत ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’चं 1896 चं एक कात्रणही आहे. झाडाची थाप छापणारं पत्र तेच, पण ही बातमी मात्र सत्य घटनेवरची. ऱ्होड आयलंडमधल्या एक्झिटर गावात क्षयानं एकामागून एक माणसं मेलेल्या घरात, मर्सी ब्राउन या मुलीचं प्रेत 1892 मध्ये उकरून काढलं, काळीज जाळलं आणि त्याची राख तिच्या आजारी भावाला औषध म्हणून पाजली. भाऊ वाचला नाही.

या कागदांत पिशाच्चाच्या लक्षणांची यादी आहे, आणि तिच्यातलं जे स्टोकरनं पुढे टाकून दिलं ते जास्त बोलकं आहे. आरशात प्रतिबिंब दिसत नाही, सावली पडत नाही, हे राहिलं. चित्रकाराला त्याचं हुबेहूब चित्र काढता येत नाही, हे गेलं. आणि कोडॅकनं त्याचा फोटो काढला तर तो काळा येतो किंवा सांगाड्यासारखा येतो, हेही गेलं. कोडॅकचा कॅमेरा 1888 मध्ये बाजारात आला होता. टिपण लिहिलं तेव्हा ते नवंकोरं यंत्र होतं. कादंबरीत जोनाथन हार्कर काउंटला विकायच्या घराचे फोटो त्याच कॅमेऱ्यानं काढतो, पण काउंटकडे कॅमेरा कधीच वळत नाही. वगळण्याचा निर्णय बरोबर असेलही. तरी आरशाची कल्पना आता इतकी घासून गुळगुळीत झाली आहे, की सांगाड्याचा तो फोटो हातचा गेल्याची चुटपुट लागते.

एच. पी. लव्हक्राफ्टची वही या प्रकाराचा कळस. 1919-20 च्या सुमाराला सुरू झालेल्या या वहीत दोनशेवर नोंदी आहेत: स्वप्नं, वाचलेल्या ओळी, अर्धवट कल्पना, बहुतेक एक-दोन ओळींच्या. त्याच्या मृत्यूनंतर, 1938 मध्ये, ती छापली गेली आणि पुढच्या कितीतरी लेखकांनी तिच्यातल्या नोंदी उचलून कथा लिहिल्या. पण लव्हक्राफ्टची सर्वांत भेदक वस्तू म्हणजे ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (1927) मधला रंग. एका शेतावर उल्का पडते, आणि तिच्यातून आलेला, वर्णपटात कुठेच न बसणारा रंग विहिरीत, फळांत, गुरांत आणि शेवटी माणसांत उतरतो. त्याला तोंड नाही, हेतू नाही. या कथेबद्दल ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकानं त्याला 25 डॉलर दिले, तेही तगादे लावल्यावर. ज्याला मंडळी ‘शुंडांचा लेखक’ म्हणून ओळखतात, त्याची सर्वांत चांगली कथा शुंडांशिवायची आहे.

रे ब्रॅडबरीची तऱ्हा निराळी. तो नुसत्या नामांची यादी करायचा: तळं, बरणी, गर्दी, विळा, माळा, दरी. शब्द लिहायचा आणि तो आपल्याला का सुचला याचा शोध घेत पुढे जायचा. 1942 मध्ये ‘द लेक’ ही कथा त्याला अशीच मिळाली. ‘द जार’ (1944) मध्ये जत्रेत विकत घेतलेली एक बरणी आहे, आत फिकट, अनोळखी काहीतरी तरंगतंय. गावकरी रोज संध्याकाळी येऊन बरणीभोवती बसतात आणि प्रत्येकाला आत आपापलं काहीतरी दिसतं. वस्तू काहीच करत नाही.

वस्तूंच्या कथांचा बादशहा मात्र एम. आर. जेम्स. केंब्रिजमधला हा हस्तलिखितांचा जाणकार नाताळच्या आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना आपल्या कथा वाचून दाखवी. पुरातन शिट्टी, जुनं छापचित्र, दुर्बीण, बाहुल्यांचं घर, अशी त्याची हत्यारं, म्हणजे ज्या वस्तूंची नोंद घेण्यात त्याचा दिवस जायचा त्याच. 1929 मध्ये त्यानं सुचलेल्या पण न जमलेल्या कथांवरही एक लेख लिहून टाकला, ज्याला हव्यात त्यानं घ्याव्यात अशा उदारपणानं. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सचा ‘माकडाचा पंजा’ (1902) याच वंशातला. जेकब्स लंडनमधल्या वॅपिंगच्या गोदीजवळ वाढलेला. खलाशी परदेशातून काय काय वाळवून आणतात, हे त्यानं बघितलेलं. पंजावर मंत्र घालणारा फकीर हिंदुस्थानातला आहे. त्या काळच्या इंग्रज लेखकाला शाप हवा असला की तो बहुधा हिंदुस्थानातूनच मागवला जाई, चहासारखा.

आणि हिंदुस्थानातली स्वतःची यादी? ती तयार होती, फक्त सरकारी दप्तरात. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या, आणि ती उत्तरं तशीच मागे राहिली. आर. ई. एंथोवेन यांनी ती संपादित करून 1915 मध्ये कोकणचा खंड काढला. त्यात भुतांची जी वर्गवारी आहे ती एखाद्या खात्याच्या हुद्द्यांसारखी नीट लावलेली: वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जाखीण, लावसट, हडळ. कोण कसा मेला, कुठे राहतो, काय दिलं की शांत होतो, सगळं ठरलेलं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. बुडून मेलेला गिऱ्हा होतो आणि पाण्याकाठी थांबतो. मास्तरांनी लिहून पाठवलेल्या त्या उत्तरांतला मुंजा 2024 मध्ये ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाचा खलनायक झाला आणि गल्ल्यावर जोरात चालला.

मराठी भयकथेनं मात्र ही यादी बरीच बाजूला ठेवली. नारायण धारप विज्ञानाचे पदवीधर. त्यांनी लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग भरपूर वाचले, त्यांतलं पुष्कळ मराठीत आणलं, आणि वाडा, माजघर, तळघर यांत बसवलं. त्यांच्या कथेवरून प्रेरणा घेऊन राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’ (2018) केला. त्यातला हस्तर हा देव अन्नाला शापानं पारखा झालेला. त्याला भुलवायला कणकेची बाहुली घेऊन खाली उतरायचं, आणि तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी ओरबाडून घ्यायची. गेल्या काही दशकांत भारतीय पडद्यावर इतकी नेमकी वस्तू क्वचित आली असेल. कणीक घराघरात असते, बाहुली घराघरात असते.

सध्या जगभर चलती आहे ती बुरशीची, आणि तिचाही उगम दर्यावर्दी आहे. विल्यम होप हॉजसन अनेक वर्षं व्यापारी जहाजांवर राबला, समुद्राला मनापासून कंटाळला आणि मग त्याच समुद्रावर भयकथा लिहू लागला. 1907 च्या ‘द व्हॉइस इन द नाइट’ मध्ये धुक्यात होडीतून एक आवाज येतो आणि अन्न मागतो, पण दिव्याच्या उजेडात यायला नकार देतो. बेटावर अडकलेल्या जोडप्यानं भुकेपोटी तिथली बुरशी खाल्लेली असते. जपानी दिग्दर्शक इशिरो होंडा यानं 1963 मध्ये त्यावर ‘मातांगो’ चित्रपट काढला. मग 2013 मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ हा व्हिडिओ गेम आला. त्याच्या कर्त्यांना बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’ मालिकेतल्या मुंगीनं झपाटलं होतं: ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी लागलेली मुंगी वारूळ सोडते, जमिनीपासून थोड्या उंचीवर जाते, पानाची शीर जबड्यात घट्ट धरते आणि तशीच मरते, मग तिच्या डोक्यातून बुरशीचा दांडा फुटतो. हिमालयातली कीडाजडी हिचीच बहीण. पिठोरागढच्या उंच कुरणांत बर्फ वितळलं की माणसं पोटावर रांगत गवतातून हे करड्या रंगाचे दांडे शोधतात. दांड्याखाली मातीत आख्खी अळी असते, आतून पूर्ण बुरशी झालेली. ती औषध म्हणून चढ्या भावानं विकली जाते.

गेममध्ये बुरशी माणसाचा मेंदू ताब्यात घेते. 2017 मध्ये संशोधकांनी मुंगीचे अतिपातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा प्रकार वेगळाच निघाला. बुरशीच्या पेशींनी मुंगीचे स्नायू एकमेकींना जोडलेल्या जाळ्यानं वेढले होते. मेंदूत त्या शिरलेल्या नव्हत्या. म्हणजे डोकं मुंगीचं आणि पाय बुरशीचे. गेमवाल्यांना हे चार वर्षं आधी कळलं असतं, तर त्यांनी कथा बदलली असती की नाही कोण जाणे. मराठीत कुणी ही कल्पना उचलायला हरकत नाही. तिला वाडा लागत नाही, पिंपळ लागत नाही, लोकलच्या डब्यातही ती चालेल.